अमेरिकेतला मीडिया खरंच धर्माच्या विरोधात आहे का? फॉरवर्ड करायच्या आधी बातमी कशी तपासायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गावच्या ग्रुपवर जावा, अमेरिकेचा विषय निघाला की दोन तट पडलेच म्हणून समजा. एकाचं म्हणणं, तिकडचा मीडिया देवधर्म मानणाऱ्यांच्या हात धुवून मागे लागलाय, चर्चला जाणारा म्हणजे अडाणी, गर्भपाताला विरोध करणारा म्हणजे बायकांचा वैरी, असंच दाखवतात. दुसऱ्याचं म्हणणं, त्यात खोटं काय, आहेतच ते तसले. आणि दोघांपैकी कुणीच मूळ बातमी उघडलेली नसते, एक स्क्रीनशॉट आणि त्याखाली हिंदीत चार ओळी, एवढ्यावर रात्री अकरापर्यंत भांडण चालतंय. पोरं-सुना तिकडं असल्यामुळं हा विषय आता आपल्याही घरात आलाय, म्हणून बातमी तपासायची कशी ते सांगतो. इंग्रजी फार लागत नाही, भाषांतराचं अ‍ॅप, मोबाईल आणि थोडा धीर असला की पुरे.

आधी एक मान्य करा की ही तक्रार हवेतली नाही. जुनीही आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये तिथले उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी भर भाषणात टीव्ही नेटवर्कवाल्यांना झोडपलं होतं, की न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमधली मूठभर माणसं देशानं काय बघायचं ते ठरवतात. गॅलप या मतं चाचपणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९७६ ला ७२ टक्के लोकांचा बातम्यांवर बऱ्यापैकी विश्वास होता, २०२४ ला तो ३१ टक्क्यांवर आला, आणि त्यातही रिपब्लिकन, म्हणजे उजव्या, परंपरावादी पक्षाच्या लोकांचा फक्त १२ टक्के, डेमोक्रॅट, म्हणजे डाव्या, उदारमतवादी बाजूच्या पक्षाच्या लोकांचा ५४. पत्रकार कोण आहेत ते बघितलं तर १९७१ च्या पाहणीत साधारण चारातला एक पत्रकार स्वतःला रिपब्लिकन म्हणायचा, २०२२ मध्ये हा आकडा ३.४ टक्के. डेमोक्रॅट म्हणणारे ३६, आणि निम्म्याहून जास्त 'आम्ही कुणाचेच नाही' म्हणणारे. आता ज्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर रविवारी चर्चला जाणारा एकही माणूस नाही तिथं चर्चची बातमी कशी लिहिली जाणार याचा अंदाज येतोच की.

एक उदाहरण तर वाचून मी दोनदा खात्री केली. १ फेब्रुवारी १९९३ ला वॉशिंग्टन पोस्टच्या बातमीत टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांच्या अनुयायांबद्दल लिहिलं होतं की हे लोक बहुतेक गरीब, अशिक्षित आणि सहज हुकमात येणारे. कुणाच्या तोंडचं वाक्य नाही हे, बातमीदाराचंच, जसं काही सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहावं तसं. दुसऱ्या दिवशी पेपरला छापावं लागलं की या विधानाला काही आधार नाही. आणि २०१६ च्या निवडणुकीनंतर न्यूयॉर्क टाइम्सचे तेव्हाचे संपादक डीन बॅके स्वतःच रेडिओवर बोलून गेले की लोकांच्या आयुष्यात धर्माचं स्थान काय असतं ते आम्हाला नीट उमगत नाही. माझं मत विचाराल तर यात वैर कमी आणि अज्ञान जास्त. पण ज्याच्यावर बातमी येते त्याला फरक काय पडतोय.

तर आता तपासायचं कसं. पहिलं काम म्हणजे 'मीडिया' हा शब्द बाजूला ठेवायचा. मीडिया असा एक माणूस नाही तिकडं. फॉक्स न्यूज १९९६ पासून चालू आहे, केबलवर सगळ्यात जास्त बघितलं जाणारं न्यूज चॅनेल तेच आहे आणि ते उजव्या बाजूचं. ख्रिश्चन टीव्ही आणि रेडिओचं जाळं वेगळंच, पॅट रॉबर्टसन या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांचं सीबीएन हे चॅनेल १९६० पासूनचं. १९८७ ला सरकारी नियम गेला की रेडिओ-टीव्हीवाल्यांनी वादाच्या विषयात दोन्ही बाजू द्यायच्या, आणि दुसऱ्याच वर्षी रश लिंबॉ यांचा रेडिओ शो देशभर सुरू झाला, रोज तीन तास, उजव्या बाजूनं. मग तुम्ही कुणाबद्दल बोलताय? पेपरचं नाव, तारीख, आणि ती बातमी आहे की लेख, एवढं तीन आधी शोधायचं. तिसरं लई महत्त्वाचं. वरती बारीक अक्षरात 'ओपिनियन' लिहिलेलं असतंय, स्क्रीनशॉट काढताना तेवढंच नेमकं कापलं जातंय. न्यूयॉर्क टाइम्स डावा म्हणून शिव्या घालणाऱ्यांना माहीत नसतं की रॉस डाउथॅट नावाचे कॅथलिक परंपरावादी २००९ पासून तिथंच कॉलम लिहितात. आणि वॉल स्ट्रीट जर्नलचं संपादकीय पान उजवं असलं तरी त्यांच्या बातमीदारांनी लिहिलेल्या बातम्या वेगळ्या वळणाच्या असतात. लेखात मत असणारच, त्याला पक्षपात म्हणून उपयोग नाही.

नावात फसू नका हेही इथंच सांगून टाकतो. नॅशनल कॅथलिक रजिस्टर आणि नॅशनल कॅथलिक रिपोर्टर ही दोन वेगळी प्रकाशनं आहेत, पहिलं परंपरावादी, दुसरं उदारमतवादी, आणि पोपच्या एकाच भाषणावर दोघांच्या बातम्या वाचल्या तर दोन पोप आहेत की काय असं वाटायचं. ग्रुपवर "कॅथलिकांचाच पेपर म्हणतोय बघा" असं आलं की आधी कुठला ते बघा.

दुसरं काम, व्हिडिओ असेल तर तो किती लांब आहे आणि त्याच्या आधी काय घडलं ते शोधायचं. हे शिकायला कव्हिंग्टनचं प्रकरण नीट समजून घ्या, सगळं त्यात आहे. १८ जानेवारी २०१९, वॉशिंग्टनला गर्भपातविरोधी मोर्चा होता, केंटकी राज्यातल्या कव्हिंग्टन नावाच्या कॅथलिक शाळेची पोरं त्यासाठी आली होती. (आपल्याकडं बेळगावच्या कॅम्पातल्या सेंट पॉल शाळेची पोरं सहलीला गेल्यासारखी.) लिंकन मेमोरियलसमोर एक मूळनिवासी वृद्ध गृहस्थ ढोल वाजवतायत आणि समोर लाल टोपी, ट्रंपवाली, घातलेला एक पोरगा नुसता हसत उभा आहे, एवढी छोटी क्लिप फिरली. झालं. माजोरडा, वर्णद्वेषी, म्हाताऱ्या माणसाला घेराव घातला, काय वाट्टेल ते. मोठमोठ्या चॅनेलांनी चालवलं, नटनट्यांनी पोराला शिव्या घातल्या, त्याच्या घरच्यांना धमक्या आल्या.

मग एक-दोन दिवसात दीड तासाच्या वरचा व्हिडिओ आला. त्यात दिसतंय की तिसराच एक गट त्या पोरांना बराच वेळ घाणेरड्या शिव्या घालतोय, पोरं शाळेच्या घोषणा देतायत, आणि ते वृद्ध गृहस्थ स्वतः चालत पोरांच्या घोळक्यात आले. म्हणजे घेराव वगैरे नव्हता. सीएनएननं जानेवारी २०२० मध्ये आणि वॉशिंग्टन पोस्टनं त्याच वर्षी जुलैमध्ये त्या पोराशी कोर्टाबाहेर मिटवलं, रक्कम कुणी सांगितली नाही.

इथपर्यंत सगळे फॉरवर्ड करतात, पण पुढचं कुणी सांगत नाही. एक, सुरुवातीला त्या पोरांचा निषेध खुद्द त्यांच्याच शाळेनं आणि धर्मप्रांतानं केला होता, नंतर बिशपनं माफी मागितली. म्हणजे धर्माच्या विरोधातला मीडिया म्हणावं तर चर्चसुद्धा त्याच क्लिपला फसलं. दोन, आणखी पाच मोठ्या मीडिया कंपन्यांवर केलेले दावे २०२२ मध्ये कोर्टानं फेटाळले. "मीडियानं गुन्हा कबूल केला" असा मेसेज आला तर तो अर्धाच आहे, आणि "दावे फेटाळले म्हणजे पोरगंच चुकीचं होतं" असा आला तर तोही अर्धाच.

तिसरं काम म्हणजे बातमीतली विशेषणं आणि माणसं मोजायची. कागदावर दोन रकाने करा, एका बाजूला कुणाकुणाचं बोलणं अवतरणात दिलंय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या नावापुढं काय लावलंय. एकाला 'कायदेतज्ज्ञ' आणि दुसऱ्याला 'कट्टर' असेल तर कळलं. धर्मावरची बातमी आणि त्यात त्या धर्माचा, त्या चर्चचा एकही साधा माणूस बोललेला नाही, फक्त विद्यापीठातले प्राध्यापक त्यांच्याबद्दल बोलतायत, असं असेल तर ती बातमी दुबळी. वाईट हेतूची असेलच असं नाही, कधी कधी बातमीदारानं फोन केलेला असतो आणि चर्चवाल्यांनी उचललेला नसतो, तसं असलं तर चांगले पेपर "प्रतिक्रिया मिळाली नाही" असं लिहितात, ते वाक्य शोधा.

गर्भपाताच्या बातमीत हे लगेच दिसतंय. विरोधक स्वतःला जीवनवादी (प्रो-लाइफ) म्हणवतात, समर्थक स्वतःला निवडवादी (प्रो-चॉइस), आणि दोघांनाही वाटतं पेपरनं आमचंच नाव वापरावं. असोसिएटेड प्रेस (एपी) या पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या संस्थेचा नियम आहे की दोन्ही नावं टाळायची, 'गर्भपातविरोधी' आणि 'गर्भपात-हक्क' असं लिहायचं. परंपरावादी लोक म्हणतात की आम्हाला 'विरोधी' आणि त्यांना 'हक्क', हा कुठला न्याय. मला त्यांचं म्हणणं पटतंय, निम्मं तरी. पण ठरवून लावलेला नियम आहे हे माहीत असलं की प्रत्येक बातमीत नव्यानं कट-कारस्थान शोधायची गरज उरत नाही.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याचं काम, मूळ कागद उघडायचा. कोर्टाची बातमी असेल तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या वेबसाईटवर प्रत्येक निकाल फुकट आहे, सुरुवातीला चार-पाच पानांचा सारांश असतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालतंय. ब्रेमर्टनच्या फुटबॉल कोचचं प्रकरण घ्या. वॉशिंग्टन राज्यातली सरकारी शाळा, असिस्टंट कोच जोसेफ केनेडी मॅच संपली की मैदानाच्या मधोमध गुडघा टेकून प्रार्थना करायचे. शाळेनं थांबवायला सांगितलं, ते थांबले नाहीत, प्रकरण वर गेलं, आणि २७ जून २०२२ ला कोच ६ विरुद्ध ३ नं जिंकले. काही पेपरांनी लिहिलं की कोर्टानं शाळा-चर्चमधली भिंत पाडली, काहींनी लिहिलं की एका गरीब भाविकाला न्याय मिळाला. आता निकाल उघडा. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिला, त्यात ती प्रार्थना थोडक्यातली, शांत, वैयक्तिक आहे. खाली जावा, न्यायमूर्ती सोटोमायर यांचं विरोधी मत आहे, आणि त्यांनी चक्क फोटो छापलेत, कोच मध्ये आणि भोवती खेळाडूंचा घोळका. म्हणजे नक्की काय घडलं यावरच नऊ न्यायाधीशांचं एकमत नाही. मग पेपरवाल्यांचं कसं होणार? अशा ठिकाणी ज्या पेपरनं दोन्ही वर्णनं दिली तो बरा, ज्यानं एकच दिलं त्याचा कल कळला. (कोच परत नोकरीवर आले, सप्टेंबर २०२३ मध्ये एक मॅच केली आणि राजीनामा दिला. हे शेपूट कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतंय.)

पाचवं, तीच घटना तीन ठिकाणी वाचायची. एक न्यूज एजन्सी, म्हणजे एपी किंवा रॉयटर्स, एक उजव्या बाजूचं, आणि एक धार्मिक बातम्या देणारं, रिलिजन न्यूज सर्व्हिस आहे १९३४ पासूनचं, त्यांना निदान बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथांमधला फरक कळतो. ऑलसाइड्स नावाची साईट एकाच घटनेच्या डाव्या, मधल्या, उजव्या बातम्या शेजारी शेजारी लावते, तिथनं सुरुवात सोपी जाते. कुणी काय लिहिलं त्यापेक्षा कुणी काय गाळलं ते बघा.

ही गोष्ट आम्हा सीमाभागातल्या लोकांना अमेरिकेतल्या प्रोफेसरनं शिकवायला नको खरं तर. २ नोव्हेंबरचा, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दुसऱ्या दिवसाचा, एक मराठी पेपर घ्या आणि एक कन्नड. एकात काळ्या दिनाची सायकल फेरी, दंडाला काळ्या फिती, पोलिसांची दडपशाही. दुसऱ्यात राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, डीजे, उत्साह. दोन्ही बातम्या खऱ्या, दोन्ही फोटो त्याच दिवशी त्याच गावात काढलेले. ज्यानं एकच पेपर वाचला त्याला अर्धं बेळगाव माहीत नाही. आणि दोन्ही बाजूंना मनापासून वाटतं की बेंगळूर-मुंबई-दिल्लीचे चॅनेलवाले आपल्याच विरोधात आहेत.

यावर १९८५ चा एक अभ्यास आहे, स्टॅनफर्डचा. १९८२ च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, त्याच क्लिपा दोघांना. दोघांनीही सांगितलं की बातम्या आपल्या विरोधात आहेत. म्हणून सहावं काम स्वतःवर करायचं आहे. बातमी वाचून राग आला की नावं बदलून वाचा, कॅथलिकच्या जागी मुस्लिम किंवा लिंगायत किंवा वारकरी घाला, हेच वाक्य आपल्याला चाललं असतं का? राग कमी झाला तर गडबड बातमीत कमी आणि आपल्यात जास्त. वाढला तर बातमीत काहीतरी आहे.

आपल्याच लोकांवर हे करून बघायचं असेल तर कॅलिफोर्नियाचं जातिभेदविरोधी विधेयक आहे, २०२३ चं, एसबी ४०३. काही हिंदू संघटना म्हणाल्या की हे आम्हाला वेगळं काढून बदनाम करणं आहे आणि पेपरही त्यात सामील आहेत. तिथल्याच आंबेडकरवादी संघटना म्हणाल्या की पहिल्यांदा कुणीतरी आमचं ऐकलं. राज्यपाल न्यूसम यांनी ७ ऑक्टोबरला नकाराधिकार वापरला, कारण दिलं की सध्याच्या कायद्यात हे येतंच. आता धर्मावर हल्ला झाला म्हणताना 'धर्म' कुणाचा, कुणाच्या तोंडून, हा प्रश्न इथं लगेच पडतो, तोच अमेरिकेतल्या चर्चबद्दल पण विचारायचा. तिथले काळे प्रोटेस्टंट देवभक्तीत कुणाला हार जाणार नाहीत आणि मतं मात्र बहुतेक डेमोक्रॅटला देतात. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द काटेकोर मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातले आठ ट्रंपना. 'धर्म म्हणजे परंपरावादी' हे समीकरण डाव्या पेपरांनी जेवढं पसरवलं तेवढंच उजव्या चॅनेलांनी पण.

पैशाकडं पण लक्ष ठेवा. "ते तुमचा धर्म संपवायला निघालेत" हे वाक्य विकलं जातं. त्यावर चॅनेल चालतात, देणग्या गोळा होतात, निवडणुका लढवल्या जातात. "ते धर्मवेडे तुमचे हक्क काढून घेतील" हेही विकलं जातं, दुसऱ्या दुकानात. ज्यांना मोठा मीडिया खोटारडा वाटतो ते जिथं गेले त्या फॉक्सनं २०२० च्या निवडणुकीतल्या मतदान यंत्रांबद्दल खोटं चालवल्याच्या दाव्यात एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर भरून मिटवलं. एक दुकान वाईट म्हणून दुसरं आपोआप चांगलं होत नाही.

एवढं करून बातमी खरंच वाकडी निघाली तर ग्रुपवर "मीडिया विकला गेलाय" असं टाकू नका, त्यानं समोरचा फक्त चिडतोय. नेमकं टाका, या पेपरच्या या तारखेच्या बातमीत चर्चच्या कुणाचंच म्हणणं नाही, निकालाच्या अमुक पानावर वेगळं लिहिलंय, लिंक ही. आणि पेपरला कळवा. तिकडच्या मोठ्या पेपरांच्या साईटवर दुरुस्तीसाठी ईमेल असतो, कुठूनही पाठवता येतो. चुकीचा आकडा, नाव, तारीख दाखवलीत तर बदलतात आणि खाली नोंद करतात. "तुम्ही धर्मद्वेष्टे आहात" असं लिहिलंत तर कुणी उघडणार पण नाही.

शेवटचा सोर्स घरातलाच आहे, तिकडचे आपले लोक. पण त्यांना "काय रे, वातावरण कसं आहे तिकडं?" असं विचारू नका, न्यू जर्सीतला भाचा एक सांगतो, टेक्सासमधली मेहुणी बरोबर उलटं, दोघंही आपापल्या ऑफिसात आणि आपापल्या फोनमध्ये जे ऐकतात तेच सांगतात, अगदी इथल्यासारखंच. नेमकं विचारा. तुमच्या गावच्या पेपरात ही बातमी आली का, कुठल्या पानावर, शेजारच्या चर्चमधल्या कुणाला यावर काय वाटतं ते विचारून सांगशील का. तिकडच्या बऱ्याच सार्वजनिक लायब्ररीत कार्डावर पेपर फुकट वाचायला मिळतात, त्यामुळं पैसे पडतात ही सबब चालत नाही. रात्री आठला फोन लावा, उन्हाळ्यात तेव्हा डॅलसला सकाळचे साडेनऊ असतात, शनिवारी लावला तर निवांत बोलतात.